सौनाघराचं वय

सकाळी आठला ओर्वोने अंगणात झेंडा चढवला, दोन पावलं मागे सरला, आणि वारा पडलाय हे लक्षात येताच तळ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी तो मुख्याध्यापक असताना उशिरा येणाऱ्या शिक्षकांकडे टाकायचा. दर दोन ऑगस्टला वेहमासांच्या अंगणात हे होतंच. युस्तीना वेहमास, म्हणजे ओर्वोच्या पणजोबांची थोरली बहीण, या दिवशी जन्मली. तिची ‘गोठलेल्या तळ्यावरची वाट’ देशातल्या प्रत्येक शाळकरी मुलाने साठाव्या पानापर्यंत वाचली आहे. पुढची तीनशे ऐंशी पानं परीक्षेला नसतात.

झेंड्याला मान द्यायला यंदा हिल्का मात्र आली नाही. ओर्वोची ही मोठी बहीण पहाटेपासून तळ्याकाठच्या सौनाघरात, म्हणजे वाफेने आंघोळ करायच्या लाकडी खोपटात, होती. धुराचं सौनाघर तापायला सात तास लागतात. त्याला धुराडं नसतं. धूर आतच कोंडतो, भिंती काळ्या करतो आणि छपराखालच्या झरोक्यातून आपल्या सवडीने बाहेर पडतो. दर अर्ध्या तासाने हिल्का वाकून आत जायची, चुलीत दोन लाकडं सारायची आणि डोळे पुसत बाहेर येऊन पायरीवर बसायची. वय ब्याऐंशी. गुडघे त्याहून जास्त.

तिची मुलगी मेर्वी कॉफीचा थर्मास घेऊन खाली आली. मेर्वी तालुक्याची गुरांची डॉक्टर; अडलेल्या गाईशी बोलावं तसं सगळ्यांशी बोलायची.

“सही करणार आहेस ना आज?”

“बघू.”

“बघू काय आई? मार्चपासून बघतेयस.”

“मार्चमध्ये बर्फ होता. नीट दिसत नव्हतं.”

कागद मार्चमध्येच आला होता. युस्तीनाने आपली कादंबरी या सौनाघरात बसून लिहिली, म्हणून साहित्य मंडळाला ते हवं होतं: ओंडक्यांवर आकडे घालून उतरवायचं आणि शहरातल्या संग्रहालयात, काचेच्या छताखाली, जसंच्या तसं उभं करायचं. मालक दोघं, भाऊ आणि बहीण. ओर्वोने कागद आला त्याच दिवशी सही केली होती, तीही शाईच्या पेनाने. खालची ओळ पाच महिने रिकामी होती.

“काचेत ठेवल्यावर तापवणार का ते?” हिल्काने विचारलं.

“वेडी आहेस का?”

“मग कशाला नेतायत?”

“बघायला. आई, ऐक. सात तास धुरात, एकटी. शनिवारी फोन वाजला की मी दचकते. वर घरात विजेचं सौना बसवून देते. बटण दाबायचं, संपलं.”

“बटण दाबून अंडी उकडतात.”

“मामाचा जीव आहे त्या संग्रहालयात.”

“माहितीय,” हिल्का म्हणाली आणि उठली, कारण लाकडं घालायची वेळ झाली होती.

तिचं आतून ठरल्यासारखंच होतं. ती इथल्याच सौनाघरात जन्मली, तेव्हा बायका बाळंतपणाला इथेच यायच्या. आणि मेल्यावर शेवटची इथूनच बाहेर निघावी अशी तिची साधी इच्छा होती. पण पंचाहत्तर वर्षांत ओर्वोने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. एकदा फक्त सायकलचा पंप. पहिल्यांदाच मागणाऱ्या भावाला नाही कसं म्हणायचं, याची तिला सवय नव्हती.

*

डॉक्टर लाउनिस बाराच्या ठोक्याला आले. मंडळाचे संशोधक, पन्नाशीचे, इतके उंच की दार दिसलं की आपोआप वाकायचे. राइलीने, म्हणजे ओर्वोच्या बायकोने, त्यांना खिडकीपाशी बसवलं.

“कॉफी?”

“नको, उगाच त्रास.”

“झालेलीच आहे.”

“मग अर्धा कप.”

राइलीने कप काठोकाठ भरला. पन्नास वर्षं या घरची सून असल्यामुळे तिला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या: अर्धा कप म्हणजे पूर्ण कप, आणि वेहमास माणूस गप्प बसला म्हणजे तो काहीतरी सांगत असतो. तिसरी गोष्ट तिने कोणाला सांगितली नव्हती. युस्तीनाची कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली घरात ती एकटीच होती, तीही दोनदा. सुनेने वाचलीय का, हे कधी कोणी विचारलंच नाही.

टेबलावर सात प्रकारची बिस्किटं होती, वेलदोड्याचा गोड पाव होता, आणि ओर्वोचं भाषण होतं. भाषण दरवर्षीचंच. घरात चौदा माणसं, म्हणून बिचारी युस्तीना सोमवारपासून शुक्रवारपर्यंत रिकाम्या सौनाघरात लिहीत बसे. शनिवारी आंघोळीला आलेले लोक तिला उठवत. मग त्या प्रसिद्ध परीक्षणाची गोष्ट. राजधानीतल्या एका प्राध्यापकाने स्वीडिश, म्हणजे तेव्हाच्या शिकलेल्या लोकांच्या भाषेतल्या, वर्तमानपत्रात लिहिलं होतं की अशी भाषा गोठ्यात शोभते, आणि गोठ्यानेही हरकत घ्यावी. युस्तीनाला स्वीडिश येत नव्हतं. आपलं नाव आणि खाली दीड रकाना मजकूर पाहून तिने तो कागद सौनाघराच्या कपडे काढायच्या खोलीत भिंतीला चिकटवला. गावात स्वीडिश वाचणारे तिघं. त्यांतले एक पाद्रीबुवा. ते दर शनिवारी तिथे शर्ट काढायचे, कागद वाचायचे आणि म्हणायचे, “सविस्तर लिहिलंय.” युस्तीना वारली तेव्हा समाधानी होती.

“तो कागद अजून आहे भिंतीवर?” डॉक्टरांनी उत्सुकतेने विचारलं.

“नाही,” ओर्वो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “दमट हवा.”

“साहजिक आहे. बरं, एक छोटी गोष्ट. सही झाली की पुढच्या आठवड्यात आमचा माणूस येईल. ओंडक्यात पेन्सिलीएवढं भोक पाडून आतला गाभा काढतात आणि वर्तुळं मोजतात. झाड कोणत्या साली तोडलं ते कळतं. उन्हाळ्यात की हिवाळ्यात, तेसुद्धा. नुसती औपचारिकता.”

राइली पाव कापत होती. तिला जाणवलं की टेबलाभोवतीच्या चमच्यांचा आवाज थांबलाय.

“भोक?” मेर्वी म्हणाली.

“अगदी बारीक.”

“आमच्या युस्तीनाच्या सौनाघराला भोक? आई, सही करू नकोस.”

“सकाळी तूच मागे लागली होतीस.”

“सकाळी मला भोकाचं माहीत नव्हतं.”

मेर्वी गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारी बाई. तिला पेन्सिलीएवढ्या भोकाचं एवढं वाईट वाटावं, हे राइलीला जरा विचित्र वाटलं. पण खरा धक्का पुढे होता.

“मेर्वी म्हणते त्यात तथ्य आहे,” ओर्वो म्हणाला. “घाई कशाला?”

“घाई?” राइलीच्या तोंडून निघून गेलं. “सात वर्षं झोपेतसुद्धा संग्रहालय बोलतोयस तू!”

“म्हणूनच. सात वर्षं थांबलो तर अजून...” तो अडखळला. “थोडी थांबता येतील.”

आता खरं तर हिल्काला आनंद व्हायला हवा होता. तिच्या बाजूला अचानक सगळेच आले होते. तिने बशीतले बिस्किटाचे कण बोटाने गोळा केले, तोंडात टाकले, हात पुसले.

“आणा तो कागद,” ती म्हणाली. “पेन कुठाय?”

“आई!”

“हिल्का, थांब,” ओर्वो उभाच राहिला.

“का? तुला हवंय ना?”

“हवंय. पण आधी डॉक्टरांची आंघोळ. सौनाघर तापलेलं असताना पाहुणा कोरडा गेलाय, असं आपल्याकडे झालेलं नाही.”

याला कोणी हरकत घेऊ शकत नव्हतं. डॉक्टरांना टॉवेल दिला गेला. हिल्काने पेन खाली ठेवलं नाही. पुरुष मंडळी उतारावरून खाली गेली, तरी ते तिच्या हातातच होतं.

*

आत गच्च काळोख होता आणि जुन्या धुराचा गोड वास. दोघं वरच्या फळीवर उघडेबंब बसले. ओर्वोने डावभर पाणी चुलीवरच्या तापलेल्या दगडांवर टाकलं. निखाऱ्यावर टाकल्यासारखं ते फुसफुसलं नाही. दगडांनी नुसता एक खोल श्वास सोडला. मग वाफ छतावरून हळूच खाली आली आणि खांद्यांवर बसली. या वाफेला लोयली म्हणतात, आणि ती अंगावर असताना बोलत नाहीत. ओर्वोला हे सोयीचं होतं.

“म्हणजे हे तेच,” डॉक्टर थोड्या वेळाने म्हणाले. त्यांनी भिंतीवर तळवा टेकवला, तो काळा झालेला पाहिला आणि लहान मुलासारखे खूश झाले. “याच भिंती. इथेच ती बसत होती.”

ओर्वोने आणखी एक डाव पाणी टाकलं.

सौनाघरात देवळासारखं वागावं, असं इथे पोराला चालता येण्याआधी शिकवतात. ओरडायचं नाही, भांडायचं नाही, खोटं बोलायचं नाही. लहानपणी वल्हं कोणी मोडलं यावरून ओर्वो इथे एकदा खोटं बोलला होता. आईने आंघोळीत अंग चोपायला ठेवलेल्या भूर्जाच्या डहाळ्यांच्या जुडीने त्याच्या पाठीवर त्याचं उत्तर दुरुस्त केलं होतं. त्यानंतर तो इथे कधी खोटं बोलला नाही. बाहेर, झेंड्याखाली, ‘याच भिंतींमध्ये’ असं पन्नास भाषणांत म्हणाला. पण झेंड्याखालचे नियम वेगळे असतात.

“ओर्वो? याच भिंती ना?”

तिसरा डाव. चौथा. पाचव्याला डॉक्टरांचे कान लाल झाले आणि ते खालच्या फळीवर सरकले. बादली रिकामी झाली होती.

“बहात्तर साली मी जाळलं,” ओर्वो म्हणाला.

वाफ अजून अंगावर होती.

“तेवीस वर्षांचा होतो. लाकडं जास्त घातली आणि होडी घेऊन तळ्यात गेलो. मासे लागत होते. परत आलो तेव्हा अकरा मासे होते आणि सौनाघर नव्हतं. बाबा काठावर उभे. म्हणाले, किती मिळाले? मी म्हटलं, अकरा. मग ते रानात झाडं बघायला गेले. पहिल्या बर्फाच्या आत आम्ही पुन्हा उभं केलं. दोन महिन्यांत धुराने असं काळं झालं की मलाही ओळखू येईना. त्यानंतर त्यांनी तो विषय मरेपर्यंत काढला नाही. हिल्का तेव्हा स्वीडनला मोटारींच्या कारखान्यात होती. तिला माहीत नाही. कोणालाच नाही. बायकोलाही.”

“आणि मग संग्रहालय?”

“काचेत गेलं असतं, तर ते खरं झालं असतं ना. तुम्ही मोठे लोक. तुम्ही म्हणालात की हे युस्तीनाचं, की मग ते युस्तीनाचं.” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तिने चारशे चाळीस पानं लिहिली इथे. आणि मी अकरा माशांपायी.”

डॉक्टरांनी रिकामी बादली उलटी करून पाहिली.

“आपण तळ्यात उडी मारू,” शेवटी ते म्हणाले. “मला गरगरतंय.”

*

सौनाघराच्या ओसरीवर राइली निखाऱ्यांवर सॉसेज भाजत होती. दोघं टॉवेल गुंडाळून आले, ओले, पाठीवर काजळीचे पट्टे. ओर्वो बाकावर बसला नाही. भाषणाला उभा राहायचा तसा उभा राहिला, फक्त झेंडा आणि कपडे नव्हते.

“मी डॉक्टरांना सांगितलंय. तुम्हालाही सांगतो. बहात्तर साली हे सौनाघर माझ्या हातून जळालं. हे नंतरचं आहे.”

राइलीच्या काट्यावरून सॉसेज निखाऱ्यात पडलं. हिल्काने पेन बाकावर, कागदाशेजारी ठेवलं.

“हुश्श,” ती म्हणाली.

“हुश्श काय?”

“पेन धरून हात आखडला माझा. हातात घेतलं नसतं तर अजून पन्नास वर्षं बोलला नसतास.”

“तुला माहीत होतं?”

“नाताळला स्वीडनहून आले. दाराची कडी डावीकडे होती, उजवीकडे गेलेली. अंधारात तीन वेळा चाचपली, मग कळलं.”

“मग विचारलं का नाहीस?”

“तू सांगितलं का नाहीस?”

तेवढ्यात मेर्वी म्हणाली, “थांबा. बहात्तर? म्हणजे नव्व्याण्णव साली मी जे...” आणि मोहरीच्या चटणीची बरणी उघडण्यात गुंग झाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं,” मेर्वी बरणीला म्हणाली. “दहा आठवडे ती शहरात, मामा-मामी शाळेच्या गावी. एका शनिवारी चूल पेटवली आणि फोन आला, गाय अडलीय. वासरू वाचलं.”

“आणि?”

“आणि जावईबापूंनी जुन्या कोठाराचे ओंडके आणून उभं केलं,” हिल्का म्हणाली. “ते उंच. दार चार बोटं उंच केलं. इतकी वर्षं त्या चौकटीवर कपाळ आपटत होते मी. घरी आले आणि आपटलंच नाही. म्हटलं, कार्टीने जाळलं वाटतं.”

“आई, पंचवीस वर्षं माझी झोप उडालीय!”

“माझी नाही. दार चांगलं झालं.”

राइली नवऱ्याकडे बघत होती. पन्नास वर्षं एका पलंगावर झोपलेला माणूस, आणि पोटात एवढं मोठं सौनाघर. तिला रागवायचं होतं. पण टॉवेल सावरत उभा असलेला ओर्वो इतका छोटा दिसत होता, की तिने राग रविवारवर ढकलला.

“पण मुद्दा तो नाही,” ओर्वो कष्टाने म्हणाला. “मेर्वीने माझं जाळलं. मी युस्तीनाचं जाळलं.”

“तू?” हिल्का म्हणाली. “तू बाबांचं जाळलंस.”

“काय?”

“युस्तीनाच्या भिंती एक्कावन्न साली गेल्या. बाबांनीच जाळलं. रेडिओवर कुस्ती लागली होती, ऐकत बसले. तू दोन वर्षांचा, माझ्या कडेवर. ज्वाळा बघून टाळ्या वाजवल्यास. म्हणून तर बहात्तर साली तुला काही बोलले नाहीत ते. कोणत्या तोंडाने बोलणार?”

ओर्वो बाकावर बसला. त्याच्या काजळीने भरलेल्या गालांवर दोन स्वच्छ ओघळ उतरले.

“घाम आहे,” तो म्हणाला.

“असणारच,” राइली म्हणाली आणि त्याच्या शेजारी सरकून बसली.

डॉक्टर इतका वेळ तळ्याकडे तोंड करून सॉसेज खात होते, म्हणजे शक्य तितके तिथे नव्हते. आता ते खाकरले.

“मी भाषणासाठी एक भेट आणली होती. प्रकाशकाच्या जुन्या कागदांत या वसंतात युस्तीनाचं पत्र सापडलंय. अठराशे एकसष्टचं. मला पाठच झालंय.” त्यांनी बोटावरची मोहरीची चटणी पुसली. “‘पुस्तकाला उशीर होईल. सौनाघर जळालं, त्यात पहिली नव्वद पानं गेली. वडिलांना वाटतं, चुलीतला दगड फुटला. मी त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही. मी वाचत बसले होते.’”

निखाऱ्यात पडलेलं सॉसेज तेवढं चुरचुरत होतं.

“म्हणजे घराण्यातच आहे,” राइली म्हणाली.

पहिल्यांदा हसली हिल्का. तिचं हसणं खोकल्यासारखं सुरू झालं आणि मग कोणालाच आवरेना. ओर्वो तर टॉवेल धरून हसत होता, कारण दोन्ही हात मोकळे सोडणं शक्य नव्हतं.

“संग्रहालयाचं काय मग?” मेर्वीने डोळे पुसत विचारलं.

“मी बावीस लेखकांची घरं पाहिली,” डॉक्टर म्हणाले. “सौनाघरं जवळपास सगळ्यांची जळालीत, असा माझा अंदाज आहे. आपणहून सांगणारे तुम्ही पहिले. काचेखाली ठेवण्यासारखं इथे काही नाही. फाटकाजवळच्या पाटीवर ‘याच भिंतींमध्ये’च्या जागी ‘याच ठिकाणी’ लिहा, म्हणजे मंडळाचा आणि देवाचा दोघांचाही आक्षेप राहणार नाही.” त्यांनी कागदाची घडी करून खिशात घालायला हात नेला, खिसा नाही हे लक्षात आलं, आणि ती बाकावर ठेवली. “दगड अजून गरम असतील ना?”

“तुम्ही जा,” हिल्का म्हणाली. “पाणी मात्र बेताने टाका. आणि ओर्वो, पुढच्या शनिवारी तू तापव.”

राइलीला तेव्हा कुठे उमगलं. लग्नानंतरच्या पन्नास उन्हाळ्यांत तिने नवऱ्याला लाकडं फोडताना पाहिलं होतं, पाणी भरताना, जुड्या बांधताना. त्या चुलीला काडी लावताना एकदाही नाही. ती ते आळसाच्या खात्यात टाकत आली होती.

“मी?” ओर्वो म्हणाला.

“माझे गुडघे दुखतात. मेर्वीला फोन येतात. तूच राहिलास.”

*

पुढच्या शनिवारी सकाळी सहाला ओर्वोने चूल पेटवली. दोन काड्या वाया गेल्या, तिसरी लागली. त्याने मोजून लाकडं घातली, दाराशी खुर्ची मांडली आणि सात तास तिथून हलला नाही. तळ्यात मासे उड्या मारत होते. त्याने तिकडे पाठ केली होती.

दहाच्या सुमारास हिल्का खाली आली आणि जवळच्या बाकावर बसली. मग राइली आली. मग मेर्वी, तिने आज फोन गाडीतच ठेवला होता. तिघी हवेबद्दल बोलल्या, बटाट्यांबद्दल बोलल्या. झरोक्यातून निळसर धूर सरळ वर चालला होता.

ओर्वोने मान वळवून पाहिलं. तिघींच्याही पायांशी पाण्याने काठोकाठ भरलेली एकेक बादली होती. त्या आपसात काही ठरवून आल्या नव्हत्या.

“हवा छान आहे,” हिल्का म्हणाली.

“हो,” ओर्वो म्हणाला, आणि आणखी एक लाकूड चुलीत सरकवलं.